उंबऱ्यावरच्या टाचा

आमच्या उंबऱ्यावर कुणी पाय दिलेला मी आजवर खपवून घेतला नाही. सून आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा सांगायची वेळ तिने आणली नाही. धाकटा जावई एकदा मोबाईलवर बोलत बोलत उंबऱ्यावर उभा राहिला, त्याला मी मोबाईलसकट खाली उतरवला. रोज सकाळी तो उंबरा मी स्वतः धुते, विभूतीचे पट्टे ओढते, हळद-कुंकू वाहते. तिथे लक्ष्मी बसलेली असते. बसलेल्या बाईच्या डोक्यावर कुणी उभं राहतं का?

त्याच उंबऱ्यावर माझी नात शिवलीला बारा आठवडे, दिवसातून दोनदा, टाचा मागे अधांतरी ठेवून उभी राहिली, आणि शेजारी उभं राहून आकडे मी मोजले. शुक्रवार पेठेत यावर ज्याला जे बोलायचं ते बोलून झालंय. आता मी सांगते.

शिवलीला म्हणजे माझ्या मुलाची, गुरुशांतची थोरली. एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते असं म्हणतात. जीव सगळा लेझमात. आमच्या गल्लीच्या गणपती मंडळात पोरींचं लेझीम पथक आहे, चाळीस पोरी. त्यात पहिल्या ओळीत मधोमध जी उभी असते, तिच्याकडे बघून बाकीच्या पाय टाकतात. ती चुकली की चाळीस चुकतात. ती जागा दोन वर्षं शिवलीलाची होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत लोक विचारायचे, ‘पुढची पोरगी कुणाची?’ आणि मी कडक भाकरीचा डबा मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसलेली असायची, काही न बोलता. माझ्या वतीने शेजारीपाजारी सांगायचे. आपण आपल्या तोंडाने सांगू नये, पण सांगणारे जवळ बसवून घ्यावेत.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी तिची टाच दुखायला लागली. टाच म्हणजे नेमकी टाच नाही. टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर जी जाड शीर असते, घोडशीर म्हणतो आपण, ती. मी मिठाच्या पाण्याने शेकली, एरंडेल चोळलं, रुईचं पान बांधलं. पंधरा दिवस झोपवून ठेवली. दुखणं गेलं. पोरगी परत लेझमाला गेली आणि चौथ्या दिवशी दुखणं तिच्याबरोबर घरी आलं. इकडे दुसऱ्या ओळीतली पिंकी रोज चौकशीला यायची. पोरगी गोड आहे, पण तिची नजर शिवलीलाच्या पायावर कमी आणि पायाखालच्या जागेवर जास्त होती. पथक बसवणारी सिद्धेश्वरीताई स्पष्ट बोलणारी बाई. तिने सांगून टाकलं, ‘श्रावणात सगळ्यांना नाचवून बघणार. जिचा पाय अडखळेल ती मागच्या ओळीत. नात कुणाचीबी असू दे.’

हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मग गुरुशांत आम्हाला फिजिओथेरपीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. वैजयंती नाव तिचं. वय तिशीच्या आत, दवाखान्यात औषधाची एक बाटली नाही. नुसते चेंडू, रबराचे पट्टे आणि एक लाकडी पायरी. मी म्हटलं, ही बालवाडी आहे की दवाखाना?

तिने शिवलीलाला उड्या मारायला लावल्या, शीर चिमटीत धरून बघितली, आणि त्या पायरीवर चढवली. पायाचे पुढचे पंजे पायरीवर, टाचा बाहेर.

‘दोन्ही पायांनी चवड्यावर वर जायचं. वर गेल्यावर सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं. आणि त्या एकाच पायाने हळूहळू खाली यायचं, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. चार आकडे मोजायचे. पंधरा वेळा झालं की थांबायचं, असं तीनदा. सकाळ-संध्याकाळ. बारा आठवडे.’

‘आणि चढताना?’ मी विचारलं.

‘चढताना दोन्ही पाय वापरायचे आजी. काम उतरताना आहे.’

‘अगं बाई, चढायला कष्ट पडतात. उतरायला काय, सोडलं की उतरतंय. ते शिकवायला दवाखाना कशाला?’

पोरगी रागावली नाही. उलट खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. ‘आजी, तुमच्याकडे ज्वारीचं पोतं येतं ना? हमाल ते पाठीवरून धाडकन टाकतो की हळू उतरवतो?’

‘टाकलं तर फुटंल की. हळू उतरवतो.’

‘मग हळू उतरवताना त्याचे हात-पाय सैल असतात?’

आमचा तिप्पण्णा हमाल पोतं उतरवताना थरथरतो, ते मी चाळीस वर्षं बघतेय.

‘स्नायू आखडून काम करतो तेव्हा आपल्याला तो दिसतो,’ ती म्हणाली. ‘पण ताणला जात असताना, लांब होत असताना तो वजन अडवून धरतो, ते काम मोठं असतं. तेव्हा तो जास्त भार पेलतो, आणि तसा रोज थोडा थोडा पेलला की स्नायूही तयार होतो आणि शीरही. लेझमात ही पोरगी एका मिरवणुकीत हजारदा उडी मारते, म्हणजे हजारदा खाली येते. उडायला तिला छान येतंय. खाली यायची ताकद कमी पडतेय. झोपवून ठेवलीत तर ती अजून कमी होईल.’

झोपवून कुणी ठेवली, हे तिने विचारलं नाही. शिवलीलाने सांगितलं नाही. गुरुशांत छताकडे बघत होता.

निघताना ती डॉक्टरीण मला म्हणाली, ‘आजी, मघाशी तुम्ही खुर्चीत बसलात तो आवाज बाहेरपर्यंत गेला. तुम्हीसुद्धा हळू बसायला शिका. गुडघ्याला बरं.’

‘माझं मी बघते,’ म्हटलं. घरी येईपर्यंत गाडीत मी तिघांशी बोलले नाही. गाडीत तिघंच होतो, मला धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजेतून डोकं वर काढते तर काय, शिवलीला पुढच्या दारात, चौकटीला धरून, उंबऱ्यावर! टाचा बाहेर, पाठ रस्त्याकडे.

‘उतर!’ मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या घरातला माणूस पण जिन्यावरून उतरला.

‘आज्जी, डॉक्टरनं पायरी सांगितलीया. आपल्या घरात दुसरी पायरी कुटं हाय?’

खरं होतं ते. पूर्वी आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. पण दर काही वर्षांनी रस्ता नव्याने होतो, जुना न खणता वरच डांबर पडतं. एकेक करून तिन्ही पायऱ्या रस्त्याने गिळल्या. आता दाराबाहेर रस्ता आणि आत उंबरा, एवढंच. वर मजला नाही, म्हणून जिना नाही.

‘पायरी मी देते,’ म्हटलं आणि जेवायला बसायचा पाट आणून ठेवला. चांगला सागवानी पाट. ‘हितं कर. आकडे मी मोजते.’

आकडे मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझा कडक भाकऱ्यांचा धंदा, त्यांच्या चळती मोजून आयुष्य गेलं. वंदु, यरडु, मूरु, नाल्कु, कन्नडमध्ये मोजलं की पटपट होतं. शिवलीला म्हणाली, ‘आज्जी, होटगीची रेल्वे सुटायलीय का? एकेक आकडा सेकंदभर चालू दे की.’ मी म्हटलं, बरं. चार दिवसांनी जमायला लागलं.

तीन आठवडे तिने एक दिवस चुकवला नाही. आणि पाय होता तसाच.

तीन आठवड्यांनी डॉक्टरणीने पाय बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. ‘रोज करतेस?’

‘रोज.’

‘कशावर?’

शिवलीलाने माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच म्हटलं, ‘पाटावर. सागवानी हाय.’

‘किती उंच?’

मी दोन बोटं आडवी धरून दाखवली. डॉक्टरणीने त्या दोन बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘आजी, पाटावरून टाच सोडली की लगेच जमिनीला टेकते. शीर ताणायच्या आधीच काम संपतं. हे तीन आठवडे...’ पुढचं तिने गिळलं. माझ्या वयाचा मान ठेवला असेल. मला तो मान फार टोचला.

विसर्जनाला आता बरोबर बारा आठवडे उरले होते. एक दिवस इकडे नाही, तिकडे नाही. रिक्षातून शिवलीला बाहेर बघत होती. ती मला चार शब्द बोलली असती तर मी आठ ऐकवले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती काहीच बोलली नाही. नातीने आपल्यावर दया करावी यासारखी दुसरी नामुष्की नाही.

घरी आल्यावर मी विटा रचून बघितल्या. वरची वीट सरकली, पोरगी पडता पडता वाचली. रंभाबाई म्हणाली, माझ्याकडे लोखंडी शिडी हाय. रंभाबाई माझ्याकडे तीस वर्षं भाकऱ्या थापते, तिला सगळ्या गोष्टीत सल्ला द्यायचा हक्क आहे. शिडीची सळई पोरीच्या तळव्याला रुतली. राहता राहिला उंबरा. चांगला वीतभर उंच, दगडी, सरळ, आणि धरायला दोन्ही बाजूला चौकट. लक्ष्मीला बसायला म्हणून केलेला, पण मोजून घोडशिरेसाठी केल्यासारखा.

रात्रभर विचार केला असं मी म्हणणार नाही. मी झोपले. सकाळी उठून आंघोळ केली, उंबरा धुतला, आणि त्याच्यापुढे बसून माझ्या माहेरच्या कन्नडमध्ये लक्ष्मीला समजावून सांगितलं. आई, बारा आठवड्यांपुरती तू आत ये. स्वयंपाकघराच्या दाराला पण उंबरा आहे, तो यापेक्षा गार आहे आणि तिथे खमंग वास येतो. मग हळद-कुंकू, विभूती, फूल, सगळं मी आतल्या उंबऱ्यावर नेलं. पुढचा उंबरा नुसता दगड राहिला.

‘चढ,’ मी शिवलीलाला म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘आज्जी, खरंच?’

‘लक्ष्मी आत गेलीया. चढ लवकर, तिचा विचार बदलायच्या आत.’

रंभाबाई पीठ मळता मळता थांबली. ‘अव्वा, मी पहिल्या दिवशी या उंबऱ्यावर पाय ठेवला तवा तुमी मला किती बोलला! आणि आता नातीला वर उभं करून आकडे मोजायलाय?’

‘तुझी घोडशीर दुखायली होती काय?’

‘दुखायली असती तर?’

‘तर तुलाबी पाट दिला असता. थाप भाकऱ्या.’

पेठेतल्या बायका दारावरून जाताना मुद्दाम हळू चालायच्या. एकीने विचारलं, सावित्रम्मा, नातीला शिक्षा केली काय हो? मी म्हटलं, व्हय, तुमच्यासारखं रस्त्यात रेंगाळली म्हणून.

मधेच एक गोष्ट झाली, ती लपवली तरी रंभाबाई सांगणारच, म्हणून मीच सांगते. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. त्या डॉक्टरणीचं ‘हळू बसा’ माझ्या डोक्यात भुणभुण करत होतं. म्हटलं बघू तरी. खुर्ची भिंतीला लावली आणि चार आकडे मोजत हळू बसले. सोपं होतं. उठले, परत बसले. करता करता चाळीसदा झालं. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी मनात म्हटलं, बघा, आमची हाडं जुनी आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले आणि मांड्या अशा ओरडल्या की विचारू नका. बसवेना. संडासात तर देवाचं नाव घ्यावं लागलं.

घरात मी वात झाला म्हणून सांगितलं. सगळ्यांचा विश्वास बसला, एकटी शिवलीला सोडून. ती माझ्या चालण्याकडे बघत राहिली.

‘आज्जी, परवा काय केलंस तू?’

‘काय करायचंय मला?’

‘किती वेळा केलंस ते सांग.’

‘चाळीस,’ मी म्हटलं.

ती भिंतीला टेकून खाली बसून हसली. ‘अगं, उतरायच्या कामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतंय! नव्यानं करताना थोडं थोडं करायचं असतंय. उंबऱ्यावर चढले तवा माझ्याबी पोटऱ्या असंच दुखल्या की. दोन दिवसांनी जाईल. आता रोज सहाच कर.’

‘मी कशाला करू?’

मी रोज सहा करते. कुणाला सांगायची गरज नाही.

सातव्या आठवड्यात पाय बदलला. सकाळचं लंगडणं कमी झालं. डॉक्टरणीने पाठीवर वजन घ्यायला सांगितलं, म्हणून कॉलेजच्या बॅगेत आम्ही ज्वारी भरली. आधी दोन किलो, मग चार. श्रावणाच्या शेवटी सिद्धेश्वरीताईने सगळ्यांना नाचवून बघितलं. मी कट्ट्यावर होते. हलगी सुरू झाली, पोरी उडाल्या, आणि खाली येताना एकोणचाळीस जणींचा धप्प आवाज झाला. शिवलीला खाली आली ती मांजर भिंतीवरून उतरावं तशी. सिद्धेश्वरीताईच्या ते लक्षात आलं. तिने तिला दोनदा परत नाचवलं, एकदा हलगी थांबवून नुसता पाय ऐकला.

‘पुढं तूच,’ ती म्हणाली. ‘पण डॉक्टरनं मला फोन केला हुता. आख्खी मिरवणूक न्हाय. दत्त चौकापर्यंत तू, तितनं पुढं पिंकी. कबूल?’

शिवलीला कबूल म्हणाली. पण घरी आल्यापासून तिचं तोंड उतरलेलं. मिरवणुकीची खरी मजा दत्त चौकापासूनच सुरू होते. सगळा गाव तिथेच उभा असतो.

विसर्जनाला तीन दिवस राहिले असताना संध्याकाळी उंबऱ्यावर तिचा श्वास मला वेगळा लागला. बॅग उचलून बघितली तर मला हलेना. दहा किलो तरी असेल.

‘हे काय?’

‘पाय एकदम तयार झाला की पुढंबी नाचता येईल, आज्जी. ताईला दाखवते मी.’

माझ्या मांड्यांनी मला जे शिकवलं होतं ते मी विसरले नव्हते. आज केलं तर परवा दुखणार, आणि परवाच्या पुढचा दिवस विसर्जनाचा. मी बॅगेचा बंद सोडला आणि ज्वारी परातीत ओतली.

‘आता तीन दिवस ही ज्वारी माझी. भाकरी करते याची.’

‘आज्जी!’

‘चाळीसदा कोण बसलं हुतं घरात? तू का मी? मला शिकवू नकोस.’

विसर्जनाच्या दिवशी दुपारी मिरवणूक निघाली. सिद्धेश्वरीताईने मला सांगून ठेवलं होतं की हलगीच्या आवाजात पोरीला कुणाचं ऐकू यायचं नाही, तेव्हा दत्त चौकात तुम्हीच तिला बाहेर काढा. पोरगी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही, हे ताईलाही माहीत होतं. म्हणून यंदा मी कट्ट्यावर बसले नाही, बाजूबाजूने चालले. डबा रंभाबाईकडे होता.

काय नाचली पोरगी! पोरींची ओळ तिच्या पायाला दोरीने बांधल्यासारखी चालत होती. लोक विचारत होते, पुढची कुणाची? आणि रंभाबाई न विचारणाऱ्यांनाही सांगत होती. दत्त चौक आला. माणसांची दाटी, गॅलरीतून फुलं, आणि हलगीवाल्याने ठेका वाढवला. शिवलीलाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. अजून थोडं.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मलाही वाटलं, अजून थोडं. सगळा गाव बघत होता. माझी नात पुढे होती. एक चौक, फार तर दोन. कोण विचारणार होतं? डॉक्टरीण तिथे नव्हती. सिद्धेश्वरीताई मागच्या ओळींत अडकलेली.

तेवढ्यात ती उडी मारून खाली आली आणि मला आवाज आला. एवढ्या हलगीत. धप्प. दुसऱ्या कुणाला कळला नसेल. बारा आठवडे त्या टाचेजवळ मी उभी राहिलेय, मला कळला.

मी पदर खोचला आणि ओळीत शिरले. एक पोरगी माझ्यावर आदळली. शिवलीलाच्या हातातलं लेझीम मी धरलं.

‘सोड, आज्जी! लोक बघायलेत!’

‘बघू देत. मलाबी बघू देत. चल.’

‘फक्त हा चौक!’

‘तुझी टाच वाजली. मी ऐकली.’

ती थांबली. तिलाही ठाऊक होतं. लेझीम माझ्या हातात सोडलं आणि बाजूला झाली. पिंकी पुढे सरकली, ओळ क्षणभर विस्कटली, परत लागली. लोकांनी पिंकीला टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला कशा लागल्या ते मी सांगत नाही.

एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. शिवलीला रडली. मी तिच्या पोटरीवरून हात फिरवला, शीर चिमटीत धरून बघितली. गरम नव्हती, सुजली नव्हती. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, थकलीया नुसती. रंभाबाईने भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली. पोरीने नाही म्हटलं आणि अर्धी भाकरी खाल्ली.

पथक पुढे सरकत होतं. ती बघत होती. मग तोंडातला घास थांबवून म्हणाली, ‘पिंकी ऐकलीस का? धपाधपा येतीया खाली.’

‘येऊ दे. तुझं काय जातंय? जागा गेली की तिच्याकडं.’

‘तसं न्हाय गं. पुढच्या वर्षी तिची बी शीर दुखंल की.’

‘मग?’

डोळे पुसले, चपला माझ्याकडे दिल्या आणि गर्दीतून वाट काढत पिंकीच्या शेजारी गेली. नाचत नव्हती, नुसती चालत होती. पिंकीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, आणि हाताने वरून खाली दाखवत होती, हळू, उतरताना हळू. पिंकीने आधी मान झटकली. मग दोन उड्यांनंतर तिच्या हाताकडे बघायला लागली.

रंभाबाई म्हणाली, ‘अव्वा, थांबवा की तिला. पायाला त्रास होईल.’

चालायला डॉक्टरणीने नको म्हटलेलं नव्हतं. मी चपला पिशवीत टाकल्या आणि त्यांच्या मागून चालायला लागले.